कोपीवरचं आभाळ

त्या वर्षी थंडी नीट पडायच्या आधीच आमच्या भागात ड्रोनची भीती पडली. कुणाला अंधारून आल्यावर माळावर लाल-हिरवा दिवा फिरताना दिसला, कुणाला पत्र्यावर घरघर ऐकू आली. श्रीगोंद्याच्या बाजारात भाजीवाली भाव सांगायच्या आधी विचारायची, तुमच्याकडं आलं का ते? ते म्हणजे ड्रोन. नाव घ्यायलाही लोक कचरायला लागले होते. चोर म्हणे आधी वरून घरं हेरतात. कुठं म्हातारी माणसं एकटीच राहतात, कुठं कुत्रं नाही, कुठं मागचं दार मोडकं आहे, सगळं बघून घेतात आणि ज्या घरात शिरायचं तिथं चुन्याची फुली मारून जातात. फुली कुणी डोळ्यांनी पाहिली होती? कुणीच नाही. प्रत्येकाच्या पाहुण्यांच्या गावाला मात्र ती होती.

मी उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. एका पोराच्या पोटात दुखतंय म्हटल्यावर सगळ्या वर्गाच्या पोटात कसं दुखायला लागतं, ते मी कैक वेळा पाहिलंय. त्यामुळं सुरुवातीला मी हे सगळं हसण्यावारी नेलं. पण मग गावातल्या पोरांनी काठ्या घेऊन गस्त सुरू केली. मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून रोज दिवेलागणीला सांगायला लागले, की अनोळखी माणूस दिसला तर सोडू नका. एक दिवस चादरी विकणारा एक फिरता माणूस गावात आला, तर त्याला देवळासमोर बसवला, त्याचं गाठोडं धुळीत उलटं केलं आणि कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली. का, तर तो घरांकडं बघत चालला होता. चादरी विकणाऱ्यानं घरांकडं बघायचं नाही तर काय आभाळाकडं बघायचं? मी हे तिथंच म्हणाले. माझं तोंड पहिल्यापासून असंच. पण पोरं हसली नाहीत. माझ्याकडं बाराखडी शिकलेली, माझ्यासमोर कधी मान वर न करणारी पोरं, त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

आणि नेमके त्याच दिवसांत आमचे जावई ड्रोन घेऊन आले.

आमची लेक आणि जावई जर्मनीत असतात. जावई इंजिनियर. माणूस सालस, पण नियमाला इतका धरून की कधी कधी मला हसू आवरायचं नाही. लेकीच्या बाळंतपणाला मी तिकडं गेले होते, तेव्हा त्यांनी नवाच ड्रोन घेतला होता. त्याच्या पोटावर नोंदणीचा नंबर चिकटवलेला. उडवायला जायचं तर आधी मोबाईलवर नकाशा बघायचा. परक्या माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. कुणाच्या राहत्या घरावरून, बागेवरून न्यायचा असेल तर आधी त्या घराची कडी वाजवायची आणि विचारायचं. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि कंटाळाही यायचा. उडवण्यापेक्षा विचारण्यातच निम्मा दिवस जायचा.

एकदा वाऱ्यानं तो शेजारच्या बागेवर गेला. शेजारी एक म्हातारी बाई राहायची, ती खुर्ची टाकून उन्हात पाय पसरून बसली होती. थोड्या वेळानं ती आमच्या दारात. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. तुमच्या यंत्रानं माझं काय पाहिलं ते मला बघायचं आहे, एवढंच म्हणाली. जावयांनी तिला आत बोलावून सगळं दाखवलं, तिच्यासमोर पुसून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी केक घेऊन माफी मागायला गेले. मलाही बरोबर नेलं. मी आपली नऊवार नाही पण नीट इस्त्रीची साडी नेसून, हातात केकचं खोकं धरून त्या बाईच्या दारात उभी. एवढ्याशा गोष्टीला एवढी माफी! परत येताना माझं डोकं फिरलंच होतं. मी लेकीला म्हटलं, "अगं, आभाळाला काय बांध असतो का?"

"आई, इथं असतो," ती म्हणाली.

आमच्याकडं बांधावरून सख्ख्या भावांची डोकी फुटतात. पण तो बांध मातीचा असतो, दर वर्षी नांगराच्या फाळानं थोडा थोडा कोरता येतो. घरावरच्या आभाळालाही कुणी धनी असतो आणि त्याला विचारावं लागतं, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी नातीला न्हाऊ घालायला लागले आणि तो विषय तिथंच राहिला.

नात चालायला-बोलायला लागल्यावर एका डिसेंबरात ते सुट्टीला आले. बाहेरून ड्रोन आणायची इकडं मनाई आहे, म्हणून तिकडचा तिकडंच ठेवला होता. पण जावयांचा एक मित्र सुप्याला कारखान्यात कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांचं शूटिंग करतो. त्याच्याकडून त्यांनी चार दिवसांच्या बोलीनं ड्रोन मागून आणला. नातीला आईचं गाव वरून कसं दिसतं ते दाखवायचं होतं. घर, विहीर, ऊस, बांधावरची बाभळ. हौस, दुसरं काय.

आल्याआल्या जावई म्हणाले, की मामा, आजूबाजूच्या लोकांना आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवू, सध्याच्या दिवसांत कुणाचा गैरसमज नको. माणूस शहाण्यासारखं बोलत होता. पण आमच्या ह्यांना त्यात कमीपणा वाटला. आपल्या रानात आपल्या जावयानं काही उडवायचं, तर त्याला दुसऱ्याची परवानगी कशाला? शिवाय गावात सांगितलं की गस्तीची पोरं उठसूट वस्तीवर येऊन बसणार, चहा पिणार, तेही ह्यांना नको होतं. जावयांनी मोबाईलवर इथला नकाशा काढून बघितला. आमचा भाग हिरवा होता, म्हणजे सरकारची हरकत नव्हती. मग तेही गप्प बसले. सासऱ्यापुढं जावई किती बोलणार?

आमची वस्ती गावापासून लांब, उसाच्या मधोमध. घरासमोर झाडं आणि विजेच्या तारा, म्हणून ड्रोन चढवायला-उतरवायला त्यांनी पलीकडचं आमचं पडीक रान निवडलं. वरून खूण दिसावी म्हणून गोठ्यातली चुन्याची फक्की नेऊन तिथं जमिनीवर मोठी फुली मारली. ड्रोन त्या फुलीवर बरोबर उतरला तेव्हा नातीनं टाळ्या पिटल्या. मी बांधावर उभी होते. काळ्या रानात ती पांढरी फुली बघितली आणि माझ्या मनात नको ते येऊन गेलं. जावयाला तर तोंडावर बोलता येत नाही, म्हणून लेकीला म्हटलं, काम झालं की ती फुली पुसा बाई. ती हसली. आई, तूसुद्धा? म्हणाली. शाळेत भुताखेतांवरून पोरांना झापणारी बाई मी, माझीच मला लाज वाटली. फुली तशीच राहिली.

त्या पडीक रानाच्या दुसऱ्या टोकाला ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या. कोपी म्हणजे बांबूच्या कांबी वाकवून वर उसाचं वाळलेलं पाचट आणि ताडपत्री टाकलेलं, माणूस वाकून आत शिरेल एवढंच घर. टोळी पाथर्डीकडची, आमच्या शेजाऱ्यांचा ऊस तोडायला आलेली. त्यांच्यातली एक बाई रोज सकाळी आमच्या हौदावर पाण्याला यायची. शब्दाला फार महाग. तिची दोन लेकरं हौदाच्या कठड्यावर बसून राहायची, म्हणून मी त्यांना एक जुनी पाटी दिली होती आणि आईचा हंडा भरेपर्यंत अ-आ गिरवायला लावायची. खोड, जाता जात नाही. नवरा उंच, हडकुळा, बोलताना जमिनीकडं बघणारा.

ड्रोन पहिल्यांदा उडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाण्याला आली आणि हंडा भरला तरी उभीच राहिली. काय गं, म्हटलं, काय झालं?

"काकू, ते वर फिरतं ते तुमचंच हाय ना?" ती म्हणाली. "आमी बाया कोपीमागं आंग धुतो. आडोसा चारी अंगानं हाय, वरनं न्हाई. त्येला तेवढं तिकडं नका येऊ दिऊ."

मला एकदम ती जर्मन म्हातारी आठवली. ती निदान ताठ मानेनं दारात येऊन उभी राहिली होती. ही माझ्या हौदाकडं बघत, पदराचं टोक पिळत बोलत होती. पाणी आमचं होतं ना. मी म्हटलं, नाही येणार, माझा शब्द आहे. लेकीला सांगितलं, लेकीनं जावयांना. त्यांनी लगेच सगळं उघडून बघितलं. कोप्यांची नुसती छपरं दिसत होती, माणूस कुणी नव्हतं, तरी त्यांनी तेवढं सगळं पुसून टाकलं. आता मी जाऊन माफी मागून येतो, लेकरांना काहीतरी खाऊ घेऊन जातो, म्हणाले. तर ह्यांच्या कपाळाला आठी. घरचा जावई कोपीवर माफी मागायला गेला तर लोक तोंडात शेण घालतील. उद्या बघू, परवा बघू करता करता ते राहिलं.

त्यानंतर जावयांनी ड्रोन फक्त आमच्या उसावर ठेवला, कोप्यांकडं फिरकू दिला नाही. पण तिसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात एक घार आली. दोनदा घिरट्या घालून गेली आणि तिसऱ्यांदा तिनं सरळ झडप घातली. ड्रोन भिरभिरत शेजाऱ्यांच्या उभ्या उसात पडला. आम्ही तिघं आत शिरून शोधत राहिलो. उसाच्या पात्यांनी हात सोलून निघाले, पुरुषभर उंच उसात दोन हातांवरचं दिसेना, आणि दिवस बुडाला. हे म्हणाले, तोड चालूच आहे, एक-दोन दिवसांत हा तुकडा तुटला की आपोआप सापडेल, कुणाला बोलू नका.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो आणि वाऱ्यावर भोंगा ऐकू आला. ड्रोन वस्त्यांच्या बाजूला उसात उतरताना दिसला आहे, सगळ्यांनी सावध राहावं. जावई ताटावरून उठले, मी आत्ता जाऊन सांगतो म्हणाले. ह्यांनी त्यांना हाताला धरून बसवलं. अंधारात काठ्या घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या पुढ्यात जाऊ नका, सकाळी मी सरपंचांना फोन करतो, असं सांगितलं. ते पटण्यासारखं होतं. सकाळी ह्यांनी फोन केला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी लेक आणि जावई ड्रोन हरवल्याचं मित्राला तोंडानं सांगायला सुप्याला गेले. नात माझ्यापाशी. दुपारच्याला तिला थापटून निजवलं आणि ज्वारी पाखडत बसले, तोच पाटपाण्याच्या चारीच्या कडेनं मोटारसायकलींचा आवाज आला. एक नाही, दोन नाही, रांगच. एकेकीवर तिघं तिघं. धुरळा उडवत आमच्या दारावरून गेल्या. एरवी यातला प्रत्येक जण गाडी हळू करून बाई म्हणून हाक मारतो. त्या दिवशी एकानंही वळून बघितलं नाही. गाड्या कोप्यांकडं वळल्या आणि मला काय ते समजलं. नातीला शेजारच्या काकींच्या हवाली केलं आणि मी तशीच अनवाणी पळत सुटले. हे माझ्या मागं.

झालं होतं ते असं. सकाळी ऊस तोडताना त्या हडकुळ्या माणसाच्या कोयत्यापुढं ड्रोन आला. तो कुणाचा हे त्याला बायकोकडून माहीत होतं. उन्हानं बिघडू नये म्हणून त्यानं तो टॉवेलात गुंडाळून कोपीत पाचटाखाली ठेवला, गाडी भरून झाली की आमच्याकडं आणून द्यायचा म्हणून. ट्रॅक्टरवाला गावातलाच. तो कोपीत पाणी प्यायला वाकला आणि त्याला ते दिसलं. माघारी जाताना पडीक रानातली फुली दिसली. त्यानं दोन्हीची सांगड घातली आणि गावात फोन लावला.

मी पोचले तेव्हा त्या माणसाला त्यांनी ओढत आणून फुलीवर गुडघ्यावर बसवलं होतं. सदरा फाटलेला. केसांत, भुवयांवर चुना. पुढ्यात ड्रोन. त्याचाच कोयता एका पोरानं हातात धरला होता. दोघं-तिघं मोबाईल वर धरून शूटिंग करत होते. बाकीच्या कोप्यांतली माणसं लांब उसाच्या फडाच्या कडेला थिजल्यासारखी उभी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणी ओरडत नव्हतं. हळू आवाजात, एक झाला की दुसरा, विचारत होते. अजून किती घरं बघितली? फुली कुणासाठी मारली? तो मान खाली घालून एकच म्हणत होता, सापडलं म्हणून ठिवलं, सापडलं म्हणून ठिवलं. तेवढं म्हटलं की त्याच्या तोंडात बसायची.

त्याची बायको दोन्ही लेकरांना कवेत धरून उभी होती. तिनं मला बघितलं. "ह्या काकूंच्या जावयाचं हाय ते," ती म्हणाली. "इचारा त्यास्नी."

एका पोरानं तिच्यावर हात उगारला. चांगल्या घरावर आळ घेतीस? म्हणाला. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कोयतेवाल्यानंही.

ह्यांनी मागून माझा दंड घट्ट धरला. कानात म्हणाले, जावयांचं नाव घेऊ नकोस, पोलीस आले तर पासपोर्ट अडकेल, लेकीचा संसार तिकडं आहे, मी समजावतो यांना हळूहळू. हळूहळू! तिकडं पोरानं कोयता या हातातून त्या हातात घेतला, नीट मुठीत बसवला. मला माझ्या लेकीचं तोंड दिसलं, नातीचं दिसलं, खोटं का बोलू. आणि मग माझं डोकं फिरलं. मी हिसडा मारून दंड सोडवला, पुढं जाऊन त्या माणसाच्या आणि कोयत्याच्या मध्ये उभी राहिले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज इतक्या वर्षांनी परत निघाला.

"ड्रोन माझ्या जावयाचा आहे. फुली माझ्या जावयानं मारली. फक्की माझ्या गोठ्यातली आहे. याला सोडा."

कुणी हललं नाही. मी पाय रोवून उभी राहिले. आता ही पोरं आमच्या घराकडं वळतील, लेक-जावयांची गाडी चारीवरच अडवतील, काय काय येऊन गेलं मनात. कोयता धरलेल्या पोराला मी पहिलीत हाताला धरून ग गिरवायला शिकवलं होतं. तो माझ्याकडं बघत राहिला. खरंच का बाई, म्हणाला. मी म्हटलं, तुला मी कधी खोटं शिकवलंय का रे?

आणि तो हसला. "अहो बाई, मग आधी न्हाई का सांगायचं! दाजींचं हाय व्हय!"

तो हसला तसे बाकीचे हसले. एका क्षणात सगळं उतरलं. त्यानं कोयता खाली टाकला. मोबाईल खिशात गेले. एकानं त्या माणसाच्या खांद्यावरचा चुना झटकला, चुकून झालं गड्या, म्हणाला. दुसऱ्यानं ड्रोन उचलून, फुंकर मारून, दोन्ही हातांनी ह्यांच्या हवाली केला. इतका वेळ मी घाबरले नव्हते एवढी त्या हसण्यानं घाबरले. ड्रोन तोच होता, फुली तीच होती. फक्त ते दाजींचं निघालं होतं.

सगळे आमच्याच ओट्यावर येऊन बसले. ह्यांना एवढं हायसं वाटलं होतं की त्यांनी चहा टाकायला सांगितला. तेवढ्यात लेक आणि जावई सुप्याहून आले. जावयांनी सगळं ऐकलं. त्यांनी हात जोडून सगळ्यांना सांगितलं, चूक माझी आहे, मी कळवायला हवं होतं, माझी तक्रार करा. पोरांनी त्यांना मध्ये बसवून घेतलं. दाजी, तुमचंच गाव हाय, तुमी कशाला घाबरता? उलट आमच्या वस्तीवरून पण एक चक्कर मारा, यात्रेचं शूटिंग करून द्या. ज्या हातांनी मारलं त्याच हातांत कप-बशा. मी चहा दिला नाही. लेकीनं दिला.

मी हळद, तूप आणि ह्यांचा एक चांगला सदरा घेऊन कोपीवर गेले. ती नवऱ्याच्या पाठीवरचा चुना ओल्या फडक्यानं पुसत होती. चुना ओला झाला की झोंबतो, तो दात आवळून बसला होता. तिनं हळद-तूप घेतलं. सदरा नको म्हणाली. मी म्हटलं, आमचं चुकलं गं, पण आता कुणी काही करायचं नाही, मी आहे. तिनं फडकं पिळलं. मग पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"काकू," ती म्हणाली, "आमचं असतं तर?"

सदरा तसाच हातात घेऊन मी परत आले.

जावयांनी सुप्याहून येताना श्रीगोंद्याच्या बेकरीतून एक केक आणला होता. घडलेलं काही माहीत नसताना, आधीच्याच माफीसाठी, आता मामांना न विचारता द्यायचाच असं ठरवून. रात्रभर तो फ्रीजमध्ये होता. सकाळी हौदावर कुणी आलं नाही. मी दोनदा बाहेर येऊन बघितलं. कठड्यावर पाटी ठेवलेली होती, धुऊन, पालथी. मग मी आणि जावई केकचं खोकं घेऊन गेलो. कोप्या नव्हत्या. कांबींची भोकं, चुलीचे काळे दगड, विस्कटलेलं पाचट. मुकादमानं टोळी दुसऱ्या गावाला हलवली, असं नंतर समजलं. कुठल्या गावाला, ते कुणी सांगितलं नाही. जावई फुलीपाशी गेले. मधोमध दोन गुडघ्यांचे खड्डे होते. ते बुटानं फुली पुसायला लागले. चुना मातीत मिसळला, पसरला, पण जाईना. मग ते बांधावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. केक आम्ही घरी आणला, नात म्हणाली, कुणाचा वाढदिवस?

त्यांनी ड्रोन मित्राला परत दिला. तिकडं गेल्यावर स्वतःचाही विकून टाकला म्हणे. आमच्याकडची ड्रोनची भीती उन्हाळा लागेपर्यंत आपोआप विरली. चोर सापडला नाही, फुली मारलेलं घर कुणाला दाखवता आलं नाही, आणि गस्तीची पोरं आता भेटली की गाडी हळू करून पुन्हा बाई म्हणून हाक मारतात. मी ओ देते. देताना प्रत्येक वेळी त्यांच्या हातांकडं माझं लक्ष जातं. ह्यांच्याशी मी कितीतरी दिवस धड बोलले नाही. पासपोर्ट वाचला ना, एवढंच एकदा त्यांना ऐकवलं.

या वर्षी गळीत हंगाम सुरू झाला तशी नवी टोळी आली. पहिल्या सकाळी त्यांच्यातली एक तरणी बाई पाण्याला आली. मला ती ओळखत नव्हती, मी तिला ओळखत नव्हते. हौदापाशी आल्यावर तिनं आधी मान वर करून सगळीकडं आभाळ बघून घेतलं, मग हंडा खाली ठेवला.

"काकू," ती म्हणाली, "ती ड्रोनवाली वस्ती, ती हीच का?"

मी हो म्हटलं. तिनं मान हलवली, हंडा भरला आणि गेली. त्यांच्या कोप्या यंदा आमच्या पडीक रानात नाहीत, रस्त्याच्या पलीकडं आहेत. तिथून पाणी लांब पडतं, तरी तिकडंच घातल्यात. परवा मी त्या बाजूनं चालत गेले होते. कोप्यांच्या मागं बायांची अंग धुवायची जागा दिसली. चारी बाजूंनी साड्या बांधल्या होत्या, आणि वरूनही एक ताडपत्री ताणून घट्ट बांधली होती.